अंदमान टूरने झालं, आता नुसतं शांत बसायला कुठल्या बेटावर जावं?

पावसाळी_ढग

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

मागच्या हिवाळ्यात आईबाबांना घेऊन एका टूरबरोबर अंदमानला जाऊन आलो. तसं नाव ठेवायला जागा नाही, जेवण वेळेवर, हॉटेलं बरी, सेल्युलर जेलमध्ये बाबा सावरकरांच्या कोठडीपुढे इतका वेळ उभे राहिले की मागची रांग खोळंबली पण कोणी चकार शब्द काढला नाही. पण बाकी सगळा कारभार शिट्टीवर! सहाला चहा, सातला नाश्ता, साडेसातला बस. हॅवलॉकला राधानगर बीचवर पोचलो, ते पाणी बघून वेड लागायची पाळी, मागे ती सी महुवाची उंचच उंच झाडं, म्हटलं आता जरा टेकावं तर लगेच हाक, चला चला ग्रुप फोटो, आणि फोटो झाला की भेळ. अंदमानात भेळ! बसमधल्या अंताक्षरीबद्दल तर बोलतच नाही.

आता पुन्हा जायचंय, फक्त मी आणि नवरा. स्कूबा, जेटस्की, ग्लास बॉटम बोट काहीही नको. समुद्र, पुस्तक, दुपारची झोप, आणि फोन वाजायला नको एवढीच अपेक्षा. मालदीवच्या पाण्यावरच्या झोपड्या बजेटबाहेर आहेत आणि तिथे जाऊन दोघांनी एकमेकांचे फोटो काढत बसायचं त्याचाही कंटाळा. लाँग आयलंड, लिटल अंदमान आणि लक्षद्वीप अशी तीन नावं ऐकलीत. कोणी राहिलंय का? आणि खरं सांगा हं, खरंच शांत वाटतं की दुसऱ्या दिवशी सकाळी "आता काय करायचं" सुरू होतं?

उनाड_होडी

लाँग आयलंड. डोळे मिटून. (डोळे मिटून गेलात तर येरट्टाच्या जेट्टीवरून पाण्यात पडाल, ते सोडा.)

बघा, हॅवलॉक-नीलला पोर्ट ब्लेअरहून एसी कॅटामरान बोटी आहेत, दीड-दोन तासात पोचता, म्हणून सगळे तिथेच जातात. लाँग आयलंडला जायचं तर एक तर सरकारी फेरी पकडा, ती रोज नसते आणि जवळजवळ अख्खा दिवस खाते, नाहीतर रस्त्याने रंगतपर्यंत जा आणि येरट्टाहून लहान बोट घ्या. सरकारी फेरीत लोकं तांदळाच्या गोण्या, कोंबड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या असं सगळं घेऊन चढतात, वरच्या डेकवर सावलीतली जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर भाजून निघता. पण होतं काय की पोचेपर्यंतच अर्धी घाई अंगातून उतरलेली असते. तुम्ही काही केलं तरी बोट लवकर जाणार नाही ना!

बेटावर गाव एवढंसं, चारचाकी जवळपास नाहीत, सिमेंटची पायवाट, तिच्यावरून शाळेतली पोरं आणि बकऱ्या. लालाजी बे हा मोठा बीच बेटाच्या दुसऱ्या बाजूला, तिथे जंगलातून दोनेक तास चालत जायचं किंवा डोंगीने, म्हणजे लहान इंजिनाची लाकडी होडी. आम्ही डोंगीने गेलो, सोडणारा म्हणाला चारला येतो, आणि गेला. तो गेल्यावर इंजिनाचा टकटक आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही गेला, आणि मग कळलं की आपण घरी असताना किती आवाज ऐकत असतो! फ्रिज, लिफ्ट, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, रिक्षा, काही म्हणजे काही नाही.

कंटाळ्याचं म्हणाल तर येतो. पहिल्या दिवशी दुपारी येतो, चांगला सणसणीत येतो. येऊ द्यायचा. पुस्तक काढलं तर दोन पानांच्या वर जात नाही, मग माणूस वाळूत बघायला लागतो. शंख पाठीवर घेऊन फिरणारे छोटे छोटे खेकडे असतात, ऊन उतरलं की शेकड्याने निघतात, त्यातला एक आपल्यापेक्षा मोठ्या रिकाम्या शंखापाशी थांबून आत पाय घालून बघतोय, बाहेर येतोय, पुन्हा बघतोय, शेवटी पटकन घर बदलून चालता झाला. बायको म्हणाली आपल्याला टू बीएचके घ्यायला यापेक्षा कमी विचार केला होता.

अवांतर: म्हणूनच शंख उचलून आणू नका. एक तर त्या बिचाऱ्यांची घरं जातात, आणि प्रवाळ तर मेलेलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, एअरपोर्टवर बॅगेत सापडलं की काढून घेतात आणि वर उलटतपासणी.

खडूस_सदाशिव

शांततेसाठी आधी विमान, मग रस्त्यात कॉन्व्हॉय (म्हणजे गाड्यांचा ताफा), मग बोट, मग डोंगी. एवढ्या धावपळीनंतर माणूस सार्वजनिक गणपतीच्या मांडवातसुद्धा शांत झोपेल. पावसाळी ताई, मंगळवारी कोकणात वेळास किंवा आंजर्ल्याला जा, काळं कुत्रं नसतं. पैसे वाचतील ते मला पाठवा.

उनाड_होडी

सदाशिवराव, मंगळवारी नसतं हे खरं, पण शुक्रवारी रात्री पुण्याच्या गाड्या येतातच ना, हॉर्न वाजवत. लाँग आयलंडला शुक्रवारसुद्धा मंगळवारसारखाच असतो, हा फरक.

रंगतकर

आयडी बघून कळलं असेल, बँकेच्या नोकरीत मिडल अंदमानला रंगतला पोस्टिंग होतं, आता नाशिकला परत आलोय. सुरुवातीला बदलीची ऑर्डर बघून घरात रडारड झाली होती. निघताना पण झाली, पण उलट्या कारणाने.

थोडी माहिती आणि थोडं वेगळं मत.

आधी माहिती. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप, तिकिटावर नवीन नावं दिसतील, तोंडी सगळे जुनीच म्हणतात, गोंधळू नका. रंगत रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, पण जिरकाटांगच्या पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं, तिथून गाड्या कॉन्व्हॉयनेच सोडतात, ठरलेल्या वेळी. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. हे नुसतं नियम म्हणून नाही, माणूस म्हणूनही पाळा. त्यांच्या घरातून आपला रस्ता गेलाय, आपल्या रस्त्यात ते आलेले नाहीत. जंगल संपलं की मिडल स्ट्रेटला बसच फेरीवर चढते, खाडी ओलांडून बाराटांग बेट.

दुसरं, "फोन वाजायला नको" म्हणालात. आता वाजतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून सुमारे २३०० किलोमीटरची इंटरनेटची केबल आली, ती पोर्ट ब्लेअरपुरती नाही, हॅवलॉक, लिटल अंदमान, रंगत, लाँग आयलंड, पार निकोबारच्या बेटांपर्यंत गेलीय. आमच्या शाखेत त्याआधी सिस्टिम डाऊन म्हणजे सण असायचा, लोकं बाकावर बसून रहायची, गप्पा मारायची, कोणी चिडायचं नाही. तेव्हा नेटवर्क नसणार म्हणून शांतता मिळणार या भरवशावर जाऊ नका, फोन स्वतःच बंद करावा लागेल.

आता वेगळं मत. उनाड_होडी यांनी फार छान लिहिलंय, वाचताना मला तिथला वास आला. पण ती "रोज नसणारी बोट" आपल्याला गंमत आहे, तिथल्या माणसाला नाही. मोठं ऑपरेशन म्हणजे पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत हॉस्पिटल. कोर्टाची तारीख, मुलाची परीक्षा, बाळंतपण, सगळं त्या बोटीच्या टाइमटेबलवर. फारच सीरियस असेल तर हेलिकॉप्टर, तेही हवा बरी असेल तर. समुद्र खवळला की फेरी रद्द, मग मेनलँडचा भाजीपाला येत नाही, कांदा बटाट्याचे भाव चढतात. माझ्या शेजारी एक बंगाली आजी होत्या, निर्वासित म्हणून लहानपणी आलेल्या, त्या रोज संध्याकाळी विचारायच्या जहाज आलं का. त्यांचं कोणी त्या जहाजाने येणार नव्हतं हो, पण विचारायच्या.

म्हणून एक विनंती, सरकारी फेरीला आयलंडर कार्डवाल्यांना, म्हणजे तिथल्या रहिवाशांना, आधी तिकीट मिळतं, तेव्हा काउंटरवर हुज्जत घालू नका. ते फिरायला निघालेले नसतात.

पावसाळी_ढग

बापरे, किती सविस्तर! रंगतकर, ते बोटीचं वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं खरं. मग आम्ही जायचंच नाही का?

रंगतकर

अहो ताई, उलट जा! तिथे चार खोल्या भाड्याने देणाऱ्याला तुमच्यासारखीच माणसं हवी असतात, जी राहतात, जेवतात, मासा तिथलाच घेतात. जी येतात, ड्रोन उडवतात, बिस्किटांचे पुडे टाकून जातात ती नकोत. मी फक्त एवढंच सांगत होतो की बोट उशिरा आली की टूरवाल्यासारखं घड्याळ बघू नका, आजूबाजूला बघा कोण कोण थांबलंय.

दर्यावर्दी_काका

लक्षद्वीपबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, आता रत्नागिरीला आंब्याची झाडं मोजतो.

जहाजावर माझ्याबरोबर मिनिकॉयचे खलाशी असायचे. त्या बेटावरची बरीच पुरुष मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवरच, अत्यंत शांत माणसं, वादळातसुद्धा आवाज चढवणार नाहीत. त्यांच्यातल्या एकाने सुट्टीवरून येताना मास आणला होता, म्हणजे टूना उकडून, धुरावर धरून, मग उन्हात वाळवून इतका कडक केलेला की टेबलावर आपटला तर ठक्क आवाज येतो. किसून भातावर घ्यायचा. आमचा कोकणी जीव सुकटीवर वाढलेला, पण हे प्रकरण वेगळंच, सुकट ही त्याच्या पुढे शिकाऊ उमेदवार. त्या चवीपायी रिटायर झाल्यावर हिला घेऊन मिनिकॉयला गेलो.

फरक समजून घ्या. अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगरांची टोकं, जंगल, चढउतार, खाड्या. लक्षद्वीप म्हणजे प्रवाळाची बेटं, सपाट, समुद्रापासून मीटर दोन मीटर वर, माड आणि वाळू. एकूण जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, वस्ती फक्त दहा बेटांवर. बहुतेक बेटं प्रवाळाच्या कड्याच्या पूर्व बाजूला, आणि पश्चिमेला लगून, म्हणजे कड्याच्या आतलं उथळ पाणी. सगळी लाट बाहेर कड्यावर फुटते. त्यामुळे समोरचं पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर आणि लांबून मात्र अखंड घुमल्याचा आवाज, दिवसरात्र. पहिल्या रात्री ही म्हणाली हायवे आहे का जवळ! नंतर त्या आवाजाशिवाय झोप येईना.

मिनिकॉय बाकीच्या लक्षद्वीपपासून दोनेकशे किलोमीटर दक्षिणेला, मालदीवच्या शेजारी. भाषा मल्याळम नाही, महल, मालदीवच्या भाषेचीच बहीण. दीपगृह १८८५ चं, वर चढू दिलं तर जरूर चढा, वरून बेटाचा सगळा आकार एका नजरेत दिसतो. त्या वेळी मनात येतं की एवढीशी जमीन, हिच्याखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगतोय, त्यावर हजारो माणसं जगतायत. जास्त उपसलं की खारं वर येतं. हे बघितल्यावर मी तिथे आंघोळ एका बादलीत केली, कोणी सांगितलं नव्हतं.

आता अडचणी. परमिट लागतं, त्याशिवाय पाय ठेवता येत नाही, आधीपासून खटपट करा. विमान फक्त अगत्तीला उतरतं, बाकी कोचीहून जहाज, बेट कुठलं त्यावर चौदा ते अठरा तास किंवा जास्तही. बऱ्याच ठिकाणी मोठं जहाज बाहेरच उभं राहतं आणि भर समुद्रात लहान बोटीत उतरायचं, गुडघे धड हवेत. बंगाराम सोडलं तर दारू नाही. मुस्लिम वस्ती आहे, गावातल्या किनाऱ्यावर कपड्यांचं भान ठेवायचं. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान जाऊन आले तेव्हापासून सगळ्यांना अचानक लक्षद्वीप आठवलंय. केबलही त्याच वेळी पोचली तिथे.

आणि एक, सांगावं की नको असं वाटत होतं. गॉगल लावून लगूनमध्ये डोकं घातलं तर रंगीत प्रवाळ दिसेलच असं नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४, पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, काही सावरतं, काही मरतं. मी बघितलं तो तुकडा राखाडी होता, त्याच्यावरून मासे फिरत होते खरे. वर इतकं शांत आणि खाली हे.

खडूस_सदाशिव

काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकलाय. (मी जाणार नाहीच. जहाज लागतं मला. एलिफंटाच्या लाँचमध्ये सुद्धा.)

निळी_छत्री

लिटल अंदमानबद्दल माझे दोन पैसे. हट बेला, म्हणजे तिथल्या बंदराला, जहाज बहुतेक रात्रभराचं, सकाळी उतरलं की समोर एक लांबलचक रस्ता, ठिकाणं विचारली की जेट्टीपासूनचे किलोमीटर सांगतात, "चौदा किलोमीटर" म्हणजे बटलर बे. स्कूटर भाड्याने मिळते. सर्फिंगवाली थोडी मंडळी सोडली तर टुरिस्ट नाहीत. किनारा मोठा, लाटा मोठ्या, माणसं कमी. ओंगी आदिवासी लोकांचं राखीव क्षेत्र आहे, तिकडे जायची परवानगी नाही, विचारूही नका. २००४ च्या सुनामीत हट बेची फार वाताहत झाली होती, मोडकी जोती अजून झाडीत दिसतात. गावातली मोठी माणसं त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत, आपणही उकरून काढू नये असं मला वाटतं.

पण मला मुळात वेगळं बोलायचंय. धाग्यात कोणी सँडफ्लायबद्दल अवाक्षर काढलेलं नाही!! वाळूतल्या बारीक माश्या, दिसत सुद्धा नाहीत, पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर बसलात की झालं. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायभर लाल पुरळ आणि अशी खाज की रात्री उठून बसाल. खाजवलं की चिघळतं. लोकल लोक खोबरेल तेल चोपडून जातात, तेच करा, आणि चटईवर बसा.

आणि मगर. खाऱ्या पाण्यातली, मोठी. खाडीच्या तोंडाशी, मॅन्ग्रोव्हपाशी, संध्याकाळनंतर पाण्यात नाही म्हणजे नाही. २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगरजवळ एका अमेरिकन मुलीचा जीव गेलाय. बोर्ड लावलेला असेल तर तो शोभेचा नसतो.

बाकी एक भारी गोष्ट सांगते. तिथे घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. साडेपाचला मिट्ट काळोख. पहिल्या दिवशी आम्ही हॉटेलच्या व्हरांड्यात बसून विचार करत होतो की आता रात्रीच्या जेवणापर्यंत करायचं काय, नंतर नंतर आठला झोपायला लागलो आणि पहाटे चारला आपोआप जाग, अलार्मशिवाय. ठाण्याला परत आल्यावर तो प्रकार आठवडाभर टिकला, मग ऑफिसने मोडून काढला.

पावसाळी_ढग

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. त्याचं मत मिनिकॉय (मासाच्या लालचेने, त्याला दुसरं काही कळत नाही), माझं लाँग आयलंड. परमिट आणि सुट्टीचा मेळ यावेळी बसत नाहीये, म्हणून फेब्रुवारीत लाँग आयलंड नक्की करतोय. खोलीसाठी फोन केला होता, पलीकडून एवढंच म्हणाले "आ जाओ, देख लेंगे". हे बुकिंग झालं असं समजायचं का?

आणि परतीचं विमान कधीचं काढू? बोटीवरून उतरून थेट एअरपोर्ट जमेल का?

रंगतकर

"देख लेंगे" म्हणजे पक्कं बुकिंग. निघायच्या आदल्या दिवशी फक्त एक फोन करा.

थेट एअरपोर्ट अजिबात करू नका. मध्ये पोर्ट ब्लेअरला एक मुक्काम हवाच, दोन असले तर उत्तम. २०१६ च्या डिसेंबरात हवा बिघडली आणि हॅवलॉक-नीलला शेकडो टुरिस्ट अडकले, शेवटी नौदलाची जहाजं पाठवावी लागली. फेब्रुवारीत हवा सहसा छान असते, समुद्र गुळगुळीत, पण विमान बोटीसाठी थांबत नाही.

परत येताना बोटीच्या नादी न लागता येरट्टावरून रंगत आणि तिथून बस असं या, खात्रीचं आहे. सकाळची बोट पकडा म्हणजे दुपारचा कॉन्व्हॉय मिळतो, तो चुकला तर बाराटांगला रात्र काढावी लागेल. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच न्या, लाँग आयलंडला एटीएमच्या भरवशावर राहू नका. आणि तांबूस रंगाचा मासा दिसला तर घ्या, तिकडे त्याला कोकारी म्हणतात, आपला तांबोशी त्याच जातकुळीतला. खोलीवाल्या वहिनींना द्या, खोबऱ्यात करतात, सांगावं लागत नाही.

निळी_छत्री

आणि खोबरेल तेल!!

पावसाळी_ढग

घेतलं. मोठी बाटली.